उतरत्या भट्टीवरची कॉफी

"ईरण्णा, ही जळालीय," ओव्हरसियरसाहेबांनी पुडी दुकानाच्या फळीवर ठेवली. "आईनं नुसता वास घेतला आणि परत दे म्हणाली. दळलीसुद्धा नाही."

मी मिरच्या तोलत होतो. तागडी तशीच सोडून पुडी उघडली. बिया काळ्याभोर, तेलानं चकचकीत. माझ्या मते एक नंबर माल. दोन दिवसांपूर्वी मी स्वतः भट्टीवर उभा राहून तो भाजून घेतला होता. भट्टीवाल्या चाँदसाबचाचांना दोनदा बजावलं होतं, की गिऱ्हाईक चांगल्या घरचं आहे, भाजण्यात कसूर नको. चाचांनी कसूर केली नव्हती. पार शेवटपर्यंत भाजली होती.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. आमचं नळदुर्ग तेव्हा निजामाच्या मुलखात. मी वीस-बावीस वर्षांचा होतो आणि बसप्पा सावकारांच्या किराणा दुकानात खरेदी बघत होतो. खरेदी म्हणजे आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, मोटारीनं सोलापूरला जायचं. अडत्यांकडं सॅम्पल तळहातावर घेऊन पारखायचं, दर ठरवायचा, आणि सरहद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर, माल दाखवून गावात आणायचा. पुढं मी स्वतःची भट्टी टाकली, आयुष्यभर भाजण्याचा धंदा केला. पण या धंद्यातलं जे काही मला कळतं, ते त्या एका आठवड्यात कळलं. शिकवणारी दोन म्हातारी माणसं होती आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

ओव्हरसियर नरसिंगराव मूळचे म्हैसूरकडचे. हैदराबादच्या सडकेच्या कामावर बदलून आले होते. सडकेच्या गोदामाला लागून त्यांचं बिऱ्हाड, गावापासून तुटलेलं. सोबत आई, सीताम्मा. सत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांना दिवसातून दोनदा कॉफी लागायची. एक पहाटे, एक तिसऱ्या प्रहरी. त्यांचा भाऊ माहेराहून हलकी भाजलेली कॉफी पार्सलनं पाठवायचा. लढाई सुरू झाली आणि पार्सलं बंद पडली. सोलापुरात डब्यातली पूड मिळायची, पण ती रोज प्यायची तर ओव्हरसियरांचा पगार पुरला नसता. शिवाय तिच्यात चिकोरी असायची. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ भाजून केलेली पूड. तिनं कॉफी काळी दिसते, कडू लागते आणि वजनात भरते. सीताम्मांनी ती एकदाच तोंडात घेतली आणि पेला खाली ठेवला.

म्हणून मी खरेदीतून एक पोतं कच्ची कॉफी आणली होती. हिरवट-करड्या बिया, लहानमोठ्या, निम्म्या फुटक्या. निवडून उरलेला माल, त्यामुळं स्वस्त. बसप्पा सावकारांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांनी पोत्यात हात घातला आणि माझ्याकडं बघितलं.

"हे काय आणलास? बुरसटलेल्या शेंगा?"

"कच्ची कॉफी, आप्पा."

"आन् गावात पितंय कोण?"

"ओव्हरसियरांच्या आई."

"एका म्हातारीसाठी पोतं? ईरण्णा, तुझ्या डोस्क्यात काय भुस्सा भरलाय का?"

तर अशी ती पहिली पुडी परत आली होती. मी ओव्हरसियरांना म्हणालो, "दुसरी देतो साहेब, चार दिवसांत."

ते जायला वळले. मग हळूच म्हणाले, "चार दिवसांतच दे. येत्या जुम्याला आई जाते म्हणतेय."

निजामाच्या कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी, म्हणजे जुम्याला असायची. त्या दिवशी त्यांनी आईला सोलापूरला नेऊन गाडीत बसवायचं ठरलं होतं.

"कुठं जाणार?"

"तिच्या भावाकडं. तिथं भावजय तिला धड जेवायला वाढत नाही, हे मला माहीत आहे. तिलाही माहीत आहे. पण म्हणते, इथं माझं काय आहे? बोलायला माणूस नाही, दिसत नाही, आणि आता कॉफीपण नाही. ट्रंक भरून दोरीनं आवळून दारात ठेवलीय."

एवढं सांगून ते गेले. मला फार वाईट वाटलं. तो शनिवार होता, हातात सहा दिवस होते.

चाचांची भट्टी वेशीजवळ होती. मातीची चूल, तिच्यावर मोठी लोखंडी कढई, कढईत तापलेली वाळू. हरभरे वाळूत टाकायचे, झाऱ्यानं हलवायचे, फुटले की चाळून टोपलीत घ्यायचे आणि वरून लगेच गोणपाट झाकायचं. म्हणजे फुटाणे गरम राहतात, खुसखुशीत राहतात. ही आमच्याकडची सगळ्या भट्ट्यांची रीत. चाचा साठीचे, एक भुवई कायमची जळालेली, मनानं राजा माणूस.

पुडी परत आली म्हटल्यावर त्यांना अपमान वाटला. "जली? कायकू जली? बराबर भुनी थी मियाँ. काला मसाला जैसी."

मीही तसंच समजत होतो. आमच्या भागात मसाला काळा होईपर्यंत भाजतात. दुकानदारानं धने-खोबरं तांबूस ठेवून दिलं तर बायका पुडी तोंडावर फेकतात, म्हणतात कच्चा माल गळ्यात मारला. ओव्हरसियरांनी पहिल्याच दिवशी ‘हलकी भाजलेली’ असं सांगितलं होतं. पण हलकी म्हणजे कमी भाजलेली, आणि कमी भाजणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं आमचं दोघांचंही मत. म्हणून आम्ही आपल्या मनानं त्यांची ऑर्डर सुधारून घेतली होती.

"चाचा, या खेपेला तांबूस झाली की काढा."

"कच्ची जाएगी. लोगां थूकतें."

"थुंकू दे. त्यांनी मागितलीय तशीच."

रविवारी तशी भाजली. बघतो तर एकाच टोपलीत तीन रंग. फुटके दाणे काळे, मधले तांबूस, मोठे अजून हिरवट. ही पुडी द्यायची मला लाज वाटली, म्हणून दिलीच नाही. स्वस्त माल घेतला की हे दुखणं येतं. लहान दाणा लवकर भाजतो, मोठा मागं राहतो. महाग कॉफी महाग असते त्यातलं निम्मं कारण हेच, की दाणे एका मापाचे असतात.

दुकानात परत आलो आणि भिंतीवरच्या चाळण्या दिसल्या. हरभऱ्याची चाळणी, तुरीची, मुगाची. रोज वापरायचो, पण तोवर डोक्यात आलं नव्हतं. सोमवारी दुपारी पाच शेर कॉफी तिन्ही चाळण्यांतून चाळली. हरभऱ्याच्या चाळणीवर राहिले ते मोठे दाणे, तुरीच्या चाळणीवर मधले, मुगाच्या चाळणीवर फुटके, आणि खाली कचरा.

आप्पा गादीवरून बघत होते. "आता बिया निवडायलास व्हय? उद्या त्यास्नी अंघोळ घाल."

"तीन भाग वेगवेगळे भाजले की एकसारखे होतील, आप्पा. महागाच्या मालासारखे."

"आन् हलकं भाजून वजन जास्ती भरंल, त्याचं काय? दाण्यातलं पानी तसंच ऱ्हातंय. आपन पानी इकतो म्हणतील लोक."

आप्पा कंजूष होते, तोंडानं फटकळ होते, पण मापाला पक्के. त्यांची शंका खरी होती. दाणा जितका जास्त भाजावा तितका हलका होतो. मी म्हणालो, पुडीत मूठभर जास्त घालू. त्यांनी जमाखर्चाची वही पुढं ओढली, म्हणजे चालेल.

चाचांनीही एक गोष्ट सुचवली. वाळूत दाणा बुडतो, रंग दिसत नाही. म्हणून कॉफी वाळूत नको, कोरड्या कढईत भाजू. आणि सकाळच्या कडक आचेवर नको. दुपारी फुटाण्यांचं काम संपल्यावर भट्टी उतरते, म्हणजे जाळ बंद होतो पण निखारा तास-दोन तास राहतो. "वो आग तो ऐसीच जाती है. उसका पैसा क्या लेना?" चाचा म्हणाले. म्हणजे भाजणावळ फुकट, आणि आच मंद. मला नाचावंसं वाटलं.

मंगळवारी दुपारी भाजली. मधले दाणे आधी घेतले. दाणे पिवळे झाले, मग तांबूस, मग तडतडायला लागले. लाह्या फुटताना होतो तसा आवाज, जरा दबका. रंग दालचिनीसारखा आला तशी चाचांनी कढई उतरवली, टोपलीत ओतली, वर गोणपाट टाकलं. आम्ही चहा प्यायला गेलो. पाऊण तासानं मी रंग न बघताच घाईनं पुडी बांधली आणि ओव्हरसियरांच्या घरी देऊन आलो.

बुधवारी सकाळी पुडी परत.

उघडून बघितली तर रंग दालचिनीचा नाही. काळपट, निस्तेज. मी डोळे चोळले. काढताना माझ्यासमोर तांबूस होती. पुडीत बदलली कशी? चाचांना दाखवली. त्यांनी दोन दाणे चावले, थुंकले आणि कपाळाला हात लावला. "शैतान का काम है," म्हणाले.

तेव्हा मी सरळ सीताम्मांकडं गेलो. दारातच ट्रंक होती. नारळाच्या काथ्याची नवी दोरी, चार वेढे, वर घट्ट गाठ. ती ओलांडूनच आत जावं लागायचं. आमच्या घरात कानडी बोलत असत, पण ती सरहद्दीवरची, निम्मी मराठी. माझं पहिलं वाक्य ऐकून म्हातारी हसली. बहुतेक बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता पदर तोंडाला लावला.

मी कच्चे दाणे आणि कालचे भाजलेले दाणे त्यांच्या दोन तळहातांवर ठेवले. त्यांनी एकेक नाकाशी नेला.

"हसी वासने बेड," त्या म्हणाल्या. "सुट्ट वासनेनू बेड." कच्चा वास नको, जळका वासही नको.

"मग मधला वास कसा ओळखायचा, अम्मा?"

त्यांनी कानाला हात लावला. मला काहीच उमगलं नाही. शेवटी म्हणालो, "तुम्हीच भट्टीवर चला. उद्या दुपारी."

म्हणालो खरा, आणि जीभ चावली. सोवळ्यातली विधवा बाई, आणि भट्टी चाँदसाबची. त्यांनी हातातले दाणे परत पुडीत टाकले. मग त्यांनी विचारलं, तिथं बसायला सावली आहे का.

गुरुवारी दुपारी त्यांच्या काठीचं पुढचं टोक माझ्या हातात आणि मागचं त्यांच्या, असे आम्ही वेशीपर्यंत आलो. रस्त्यातली माणसं बघत राहिली. चाचांनी जागा झाडून, पाणी मारून ठेवली होती. एक पाट आणून लिंबाखाली टाकला होता आणि स्वतः लांब उभे होते, जळक्या भुवईसकट ओशाळलेले.

"सलाम, अम्मा," ते म्हणाले.

अम्मांनी आवाजाच्या दिशेनं हात जोडले.

कढई चढली, दाणे पडले. चाचा झारा चालवत होते, अम्मा मान खाली घालून बसल्या होत्या. दाणे पिवळे झाले तेव्हा भिजलेल्या गवतासारखा वास आला, त्यांनी नाक मुरडलं. नंतर वास गोडसर झाला. तडतड सुरू झाली तशी त्यांनी मान वर केली आणि ओठांत देवाचं नाव घ्यायला लागल्या. एकेका नावाला एक बोट मिटत होत्या. मी मोजत होतो. वीस नावं झाली, तीस झाली. तडतड विरळ व्हायला लागली, आणि त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"साकु!"

साकु म्हणजे पुरे. चाचांना कानडी येत नव्हती, पण काठीचा अर्थ कळला. त्यांनी कढई उचलून टोपलीत रिकामी केली आणि सवयीनं गोणपाट वर ओढलं.

अम्मांनी ते ऐकलं. "इदु एनु?" हे काय?

"झाकलं, अम्मा. गरम राहायला."

त्या पाटावरून उठल्या. काठी पुढं करून चाचपडत टोपलीपाशी आल्या, गोणपाटाला हात लागताच ते ओढून लांब फेकलं आणि मला म्हैसूरच्या कानडीत असं झापलं, की त्यातलं निम्मं मला कळलं नाही ते बरंच. जेवढं कळलं ते असं: अरे, हा दाणा आतून अजून भाजतोय. निखाऱ्यावरून काढला म्हणून तो थांबला असं नाही. तू त्याच्यावर पांघरूण घालून त्याला आणखी भाजतोस. सूप कुठंय? सूप आण!

सूप आणलं. त्या पाखडायला बसल्या. दिसत नव्हतं, पण हात बरोबर चालत होता. दाण्यांवरची पातळ साल वाऱ्यावर उडून चाचांच्या दाढीत जाऊन बसली. दहा-बारा वेळा पाखडल्यावर दाणे हाताला गार लागायला लागले. रंग तोच राहिला, दालचिनीचा.

चाचा आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो. पिढ्यान्पिढ्या फुटाणे झाकून ठेवणारे आम्ही, कॉफी न झाकणं आमच्या स्वप्नातही आलं नसतं.

"पूछो," चाचा मला म्हणाले, "अम्मा कितने नाम गिने?"

"छत्तीस."

"हौ. मैं मेरे हिसाब से छत्तीस गिन लूंगा. ऊपरवाला एकीच है."

मी ते अम्मांना कानडीत सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण कॉफी बरी झाली का ते मात्र सांगितलं नाही. "नोडोणा," एवढंच म्हणाल्या. बघू. उद्या पहाटे कळेल. मी पुडी बांधून त्यांच्या हातात दिली, वर मूठभर जास्त घालून.

शुक्रवारी सकाळी मी मोटार अड्ड्यावर होतो. माझी खरेदीची फेरी आणि ओव्हरसियर मायलेकांची निघायची वेळ एकच. मी ड्रायव्हरला सांगून पुढची जागा म्हातारीसाठी धरून ठेवली होती. मोटार निघायला पाच मिनिटं राहिली, ओव्हरसियर आले नाहीत. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी म्हणालो, जरा थांब, म्हाताऱ्या बाई आहेत, डोळ्यांनी अधू आहेत, ट्रंक आहे. त्यानं थोडी वाट बघितली, पुन्हा भोंगा वाजवला, आणि मला म्हणाला, "तुमी येतायसा का न्हाय?"

मी उतरलो आणि मोटार गेली. खरेदी बुडाली. आप्पा काय बोलतील ते मला ठाऊक होतं. पण पाय आपोआप सडकेच्या गोदामाकडं वळले. जाताना सारखं वाटत होतं, की रात्रीच बरंवाईट झालं असेल, किंवा बैलगाडी करून दुसऱ्या वाटेनं गेले असतील.

दारात ट्रंक नव्हती. गेल्याच म्हणायच्या. मग अंगणात बघितलं. लिंबापासून खिडकीच्या गजापर्यंत काथ्याची नवी दोरी ताणून बांधली होती आणि तिच्यावर सीताम्मांचं धुतलेलं लुगडं वाळत होतं.

ओव्हरसियर ओसरीवर दाढी करत बसले होते. अर्ध्या गालाला साबण. मला बघून त्यांनी आत बोट दाखवलं आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. डोळे भरले होते.

आत अम्मा पितळेच्या फिल्टरपाशी बसल्या होत्या. फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारी दोन भांडी. वरच्याच्या बुडाला बारीक भोकं. वर पूड दाबून उकळतं पाणी ओतायचं, खालच्या भांड्यात थेंब थेंब अर्क उतरतो, तो दुधात घालायचा. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी पेला भरला आणि पुढं सरकवला.

मी कॉफी प्यायलो. खरं सांगायचं तर मला ती अर्धी कच्ची वाटली. जरा आंबटसर, नुसती नाकात वास भरणारी. चहाची जीभ माझी. पण मी पेला पूर्ण रिकामा केला आणि म्हणालो, "छान झालीय, अम्मा."

"खोटं बोलतोस," त्या कानडीत म्हणाल्या आणि दुसरा पेला भरला.

ते पोतं खपायला सहा महिने लागले. दवाखान्यातला एक मद्रासी कंपाउंडर, पोस्टातले एक गृहस्थ, आणि मग हळूहळू आणखी चार घरं. आप्पांनी दुसरं पोतं मला न विचारता मागवलं, आणि मी आणलेल्या मालाबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही. सीताम्मा चार वर्षं नळदुर्गात राहिल्या. दर गुरुवारी दुपारी भट्टीजवळच्या लिंबाखालचा पाट त्यांचा. ओव्हरसियरांची बदली झाली तेव्हा त्या लेकासोबतच गेल्या. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीनंतर चाचा भट्टी बंद करून लेकीकडं सोलापूरला गेले. जाताना झारा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ढाँकना नक्को." तो झारा माझ्याकडं आहे.

आता नातू शहरातून ‘लाइट रोस्ट’ लिहिलेली पाकिटं आणतो आणि त्यावरची किंमत मला वाचून दाखवत नाही. मी पाकीट उघडून वास घेतो. बरी असते, पण पाखडायला कुणीतरी उशीर केलेला असतो. धंद्यात येणाऱ्या पोरांना मी दोनच गोष्टी सांगत आलो. गिऱ्हाइकानं मागितलेला माल आपल्या मनानं सुधारून देऊ नका. आणि कढई उतरवली म्हणजे काम संपलं असं समजून चहाला जाऊ नका.